परसातलं वांगं, फुलगळ, अळी आणि भरताचा कडूपणा

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: घरामागे दहा बाय पंधरा फूट काळ्या मातीची जागा आहे. मार्चमध्ये नर्सरीतून जांभळ्या काटेरी वांग्याची रोपं आणून लावली. झाडं माजली, पण एप्रिल-मेमध्ये आलेलं फूल न् फूल गळालं. पावसाळ्यात वांगी धरली, ती वरून चकचकीत आणि आतून किडकी. ऑक्टोबरात काही फळं भरतासाठी मुद्दाम मोठी होऊ दिली, तर भरीत कडू, काळपट आणि पाणचट झालं. दर पंधरा दिवसांनी युरिया दिला, दुकानातून आणलेलं औषधही दोनदा फवारलं. कुठे चुकतंय?

ताई, तुमच्या मेहनतीत काही कमी नाही. महिना चुकला आणि वाण चुकलं, बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं. स्वयंपाकघरातही एक-दोन गोष्टी बिघडल्यात, त्या पुढे सांगते. पण कडू वांग्याचं चांगलं भरीत करणारी सुगरण मला अजून भेटलेली नाही. भरताची चव झाडावर ठरते, म्हणून आधी वाफ्यातलं बोलू.

वांगं हे उष्ण हवेचं पीक, असं जिथे तिथे छापलेलं असतं. ते खरंच आहे. फक्त लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर खानदेशचा मे महिना नसतो. पारा चाळिशीच्या आसपास गेला की वांग्याचे परागकण निकामी व्हायला लागतात. फूल उमलतं, दोन-तीन दिवस राहतं आणि देठासकट खाली येतं. आपल्याकडे एप्रिलपासून मृगाच्या सरी येईपर्यंत हा प्रकार चालायचाच. झाड तग धरतं, पानं काढतं, फळ मात्र धरत नाही. त्यात तुम्ही युरिया देत राहिलात. युरियानं पानं फुटतात, फांद्या लुसलुशीत होतात, आणि लुसलुशीत शेंडा म्हणजे तुडतुड्यांना आणि शेंडा पोखरणाऱ्या अळीला आवतण. पावसाळ्यात जी अळी आली तिची पंगत उन्हाळ्यातच मांडून झाली होती.

सगळी फुलगळ मात्र उन्हामुळे होत नाही. पुढच्या वेळी एक फूल जवळून बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांची नळी असते. त्या नळीच्या तोंडातून हिरवट टोक बाहेर डोकावत असेल तर ते फूल फळ धरणारं. टोक आतच बुडालेलं असेल तर ते फूल गळणार, त्याला काहीही फवारा. एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं येतात, म्हणून निरोगी झाडाखालीही रोज थोडा सडा पडतो. त्याला घाबरू नका. पण बुडालेल्या टोकाची फुलंच जास्त दिसायला लागली, तर झाड उपाशी आहे, तहानलेलं आहे किंवा त्याच्यावर फळांचा भार जास्त झालाय, असं समजा.

आणखी एक गंमत आहे. वांग्याचे परागकोश लांबीत उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात. मोठा काळा भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग झडतात. परसात भुंगे कमी असतील तर सकाळी आठ-नऊच्या सुमाराला फुलोऱ्याच्या फांदीला बोटानं हलक्या टिचक्या मारा. वांग्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्यामुळे एवढं पुरतं.

आता वाण. काटेरी जांभळं वांगं भरून करायला, रश्शात टाकायला उत्तम. ते लहान, कोवळं, घट्ट असतानाच तोडायचं असतं. त्याला मोठं करून भरताला वापरलं की आत नुसत्या बिया. जळगावकडचं भरताचं वांगं ही निराळीच जात आहे: फिकट हिरवं, त्यावर पांढरट झाक, लांबट गोल, पातळ सालीचं, बिया कमी आणि गर मऊ. त्याला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातलं बामणोद, जळगावजवळचं आसोदे ही त्याची नावाजलेली गावं. आसोदे म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, हे वेगळं सांगायला नको. गावाकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून घरचं बी मिळवा, तेच सगळ्यांत चांगलं. नाहीच मिळालं तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले हरित’ हे हिरवं मोठं वाण भरताला चालतं. भरल्या वांग्यासाठी ‘मांजरी गोटा’ किंवा तुमचं काटेरी ठेवा. एका घराला दोन्ही हवीत. चौघांच्या घराला भरताची चार आणि काटेरीची चार झाडं रग्गड झाली. तुमच्या जागेत तीन-तीन फुटांवर पंधरा मावतील, पण मावतात म्हणून लावू नका. वांग्याला मोकळी हवा लागते, आणि तुम्हालाही वाकून पानं उलटी करून बघायला जागा लागते.

लावणीचा महिना आपल्याकडे भरतासाठी ठरलेला आहे. जूनअखेर ते जुलैमध्ये बी टाकायचं, ऑगस्टमध्ये रोप हलवायचं, दिवाळीच्या आगेमागे पहिली वांगी आणि खरा बहर थंडीत. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करतात. यामागचं कारण धर्मशास्त्रातलं जाणकारांनी सांगावं. झाडाच्या बाजूनं बघाल तर पावसाळ्यातलं वांगं किडकं आणि मार्गशीर्षातलं गोड, हा हिशोब त्यात चोख बसतो. थंडीत फळ सावकाश वाढतं, गर दाट होतो, कीड मंदावते. रात्री फारच गारठा पडला, पारा दहाच्या खाली गेला, की नवी फळधारणा थांबते. तेवढे दिवस कळ काढायची.

रोप घरीच करा. पसरट कुंडी किंवा फळांचं प्लॅस्टिकचं क्रेट चालेल. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू एकत्र करून बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, ओळीत पेरा. फेकून पेरलं की रोपं दाटतात आणि बुडाशी कुजून माना टाकतात. पेरण्याआधी बियांना ट्रायकोडर्मा (ही उपयोगी बुरशी) चोळला तर ही मर बरीच आटोक्यात राहते. आठवड्या-दहा दिवसांत उगवतं. वर मच्छरदाणीचं कापड ताणून ठेवा, कारण पांढरी माशी आणि तुडतुडे रोपालाच रोग देऊन जातात आणि तो तुम्हाला दोन महिन्यांनी दिसतो. चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर होतं, पाच-सहा पानं येतात. हलवण्याआधी चार दिवस पाणी कमी करा, म्हणजे ते काटक होतं. लावायचं ते संध्याकाळी.

तुमची माती काळी आहे, म्हणजे जमेची बाजूही तीच आणि डोकेदुखीही तीच. ती पाणी धरून ठेवते. ऑगस्टच्या झडीत मुळं गुदमरतात आणि झाड उभ्या उभ्या कोमेजतं. म्हणून सपाट वाफ्यात लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा, कडेनं पाणी निघून जायला चर ठेवा. प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. पुढे महिन्याला एकदा तेवढंच खत बुडाशी द्या, युरियाचं पोतं शेजाऱ्याला देऊन टाका. चुलीची राख टाकायचा सल्ला बरेच जण देतात. लाल, आंबट मातीत तो ठीक आहे. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिथे राख टाकून काही साधत नाही. गेल्या हंगामात जिथे टोमॅटो, मिरची किंवा वांगंच होतं तिथे परत वांगं नको. हे सगळे एकाच कुळातले, एकमेकांचे रोग मातीत जपून ठेवतात. मेथी, पालक, चवळी झालेली जागा निवडा.

पाण्याचं एक पथ्य पाळा: बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. काळ्या मातीला भेगा पडेपर्यंत थांबायचं आणि मग भरभरून सोडायचं, हा खेळ वांग्याला सोसत नाही. फुलं गळतात ती त्यानं, आणि फळात कडूपणा येतो त्यातही या ताणाचा वाटा असतो. बुडाशी गव्हाच्या काडाचं किंवा पाचटाचं आच्छादन घातलं तर ओल सारखी राहते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी वीस लिटरच्या बादलीत लावायला हरकत नाही, मात्र तिथे फक्त काटेरी लावा. भरताचं झाड बादलीत खुरटतं.

आता अळी. हा भाग नीट वाचा, कारण वांग्याची अर्धी लढाई इथेच आहे.

तुम्ही म्हणता की वांगं वरून चकचकीत होतं, कुठे भोक नव्हतं, मग अळी शिरली कुठून? भोक होतं, ते बुजलं. पांढुरका, तपकिरी ठिपक्यांचा छोटा पतंग रात्री पानांच्या मागे, कळ्यांवर, फळाच्या टोपीवर सुटी सुटी अंडी घालतो. तीन-पाच दिवसांत त्यातून केसाएवढी अळी निघते आणि काही तासांतच शेंड्यात किंवा टोपीच्या आडून फळात शिरते. शिरताना केलेलं छिद्र इतकं बारीक असतं की फळ वाढता वाढता ते भरून येतं. आपल्याला ठळक दिसतं ते भोक अळी बाहेर पडल्याचं. म्हणजे भोक दिसलं तेव्हा पाहुणा जेवून गेलेला असतो आणि वाळक्या पाल्यात कोष करून बसलेला असतो. तुमचं औषध का लागू पडलं नाही, ते यातच आलं. अळी उघड्यावर असते ते अंड्यातून निघाल्यावरचे काही तास, तेवढ्यात फवारा बसला तर बसला. नंतर ती गराच्या आत आणि औषध सालीवर. सालीवरचं ते औषध शेवटी आपणच खायचं. घरच्या वांग्यावर हे कशाला?

करायचं ते असं. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांपासून दर तीन-चार दिवसांनी सकाळी झाडांवरून नजर फिरवा. सकाळी सगळी पानं तरतरीत असतात, त्यामुळे मान टाकलेला शेंडा लगेच डोळ्यात भरतो. दुपारी उन्हानं सगळंच झाड मलूल दिसतं, तेव्हा कळत नाही. तो शेंडा कोमेजलेल्या जागेच्या इंचभर खाली कापा आणि उभा चिरून बघा. आतली पोकळी, तिच्यातली भुसकट विष्ठा आणि गुलाबीसर अळी सापडली पाहिजे. पोकळी आहे पण अळी नाही, तर ती खाली सरकली असेल; आणखी इंचभर कापा. कापलेले शेंडे आणि किडकी फळं साबणाच्या पाण्यात बुडवा नाहीतर जाळा. खताच्या खड्ड्यात टाकलीत तर तिथेच कोष करून पतंग होऊन परत येतील. झाडाखालची वाळकी पानंही उचलत जा. शेंडा कापला म्हणून झाडाचं नुकसान होत नाही, खालून दोन फांद्या फुटतात.

आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क फवारावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा कूट एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून उतरत्या उन्हात पानांच्या मागच्या बाजूला मारायचा. यानं अळी पटापट मरेल अशी अपेक्षा नको; पतंग अंडी घालायला नाखूश होतो आणि मावा-तुडतुड्यांना आळा बसतो, एवढंच त्याचं काम. कामगंध सापळ्याबद्दल, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढून घेणाऱ्या सापळ्याबद्दल, बरेच जण विचारतात. शेतात एकरभर वांगी असली तर तो चांगला. त्यात फक्त नर अडकतात. तुमच्या दहा बाय पंधरा जागेत शेजारच्या शेतातून आधीच जुगलेली मादी येऊन अंडी घालणार, तिला सापळ्याचं काय? त्यापेक्षा पैसे जाळीवर घाला. बांबू रोवून पूर्ण वाफ्यावर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी टाका, कडा मातीत दाबा. रोप लावल्या दिवसापासून टाकली तरच उपयोग; आत पतंग असताना टाकलीत तर त्याला राखण दिल्यासारखं होईल. जाळीत भुंगा येणार नाही, तेव्हा ती टिचकी मारायला विसरू नका.

या अळीसाठीच जनुक बदललेलं बीटी वांगं तयार झालं होतं. आपल्या देशात फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं त्याला स्थगिती दिली, शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून शेतकरी ते लावतात. त्याच्या बऱ्यावाईटाचा वाद मोठा आहे. आठ झाडांच्या परसाला मात्र सकाळची नजर आणि कात्री पुरते.

बाकीच्या किडींचं थोडक्यात सांगते. पानाची जाळी करणारा ठिपक्यांचा भुंगा हातानं वेचा, पानामागची त्याची पिवळी अंडी चिरडा. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे कोळ्याची जाळी दिसली तर लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानामागून मारा. पण एखादं झाड बोन्साय झाल्यासारखं दिसू लागलं, पानं बोटाएवढी, गुच्छ गुच्छ, फूल नाही, तर तो पर्णगुच्छ, म्हणजे बोकड्या. तुडतुडे तो पसरवतात आणि त्याला औषध नाही. खत घालून ते झाड सुधारेल म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी उपटा. याबाबतीत दयामाया नको.

भरताच्या झाडाला बुडाशी काठी हवी, नाहीतर फळाच्या वजनानं फांदी मोडते किंवा फळ जमिनीला टेकून सडतं. तुरीची जाड काडी पुरते. पहिल्या दुबेळक्याच्या खालची फूट काढून टाका, आणि एका झाडावर एका वेळी तीन-चारच मोठी फळं राहू द्या. जास्त ठेवली की सगळीच मध्यम होतात.

तोडणीबद्दल मी फार कडक आहे. ऑक्टोबरात तुम्ही काटेरी वांगी ‘मोठी होऊ दिलीत’, म्हणजे बी पिकू दिलंत. वांग्याच्या सालीची चकाकी हेच त्याचं घड्याळ. फळ धरल्यावर चकाकी वाढत जाते, एका दिवशी ती पूर्ण असते आणि नंतर साल निस्तेज व्हायला लागते. चकाकी असताना तोडायचं. अंगठ्यानं हलकं दाबा: दाबलेली जागा सावकाश वर आली तर बरोबर वेळ, खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. चिरल्यावर बी पांढरं असलं तर गोड, तपकिरी झालं तर कडूपणा येणारच, मीठ लावा की ताकात घाला. आणि भरताचं वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागायला हवं. जड वांगं बियांचं. जळगावच्या बाजारात जुन्या बायका एकेक वांगं तळहातावर तोलून का घेतात, ते यासाठी. तोडताना कात्रीनं देठासकट तोडा, ओढू नका. तोडलेलं फ्रीजमध्ये ठेवू नका. फार गारव्यानं सालीवर खड्डे पडतात आणि आतला गर काळवंडतो. तुमच्या भरताच्या काळपटपणाचं एक कारण हेही असू शकतं. टोपलीत, सावलीत, एक-दोन दिवस बास.

आता चुलीकडे वळू.

शेतातल्या भरीत पार्टीत वांगी तुराट्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजतात. काड्यांचा थर, त्यावर वांगी मांडायची, वर परत काड्या, आणि पेटवून द्यायचं. जाळ भसकन येतो, साल करपते, काड्यांचा धूर गरात उतरतो. लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेलं आणि काड्यांच्या जाळावर भाजलेलं यांत फरक पडतो; काडीचा जाळ झपाट्यानं येतो आणि जातो, म्हणून गर शिजतो पण सुकत नाही. धुळ्यात गच्चीवर जुन्या घमेल्यात हे सहज होईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, किंवा जेवायलाच बोलवा. गॅसवर करायचं तर जाळी ठेवून मध्यम आचेवर एकेक वांगं भाजा. आधी तेलाचा हात फिरवा आणि सुरीनं दोन-चार ठिकाणी खोल टोचा, नाहीतर फुटतं. टोचताना वांगं आतून किडकं नाही ना, हेही कळतं. देठाजवळचा भाग शेवटी शिजतो. तिथे काडी घालून बघा. लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. बाहेरून काळं झालं म्हणून उतरवलं आणि देठाशी कच्चं राहिलं, तर तो कचवटपणा सगळ्या भरताला लागतो.

भाजलेलं वांगं पातेल्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपसूक सुटते. आणि इथे तुमचा पाणचटपणा: तुम्ही नक्कीच नळाखाली धरून सोललंय. तसं करू नका. धुराची सगळी चव नळाबरोबर मोरीत जाते आणि स्पंजासारखा गर पाणी पिऊन घेतो. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत सोला, दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. सोललेली वांगी चाळणीत दहा मिनिटं तिरकी ठेवा. खाली तपकिरी पाणी गळतं, ते फेका.

ठेचायचं लाकडी भांड्यात, लाकडी मुसळीनं. मिक्सर अजिबात नको. मिक्सरनं गराचे धागे तुटून लगदा होतो, आणि भरताला धागा लागतो. घरी लाकडी काठवट नसेल तर पितळी परातीत लाकडी रवीच्या बुडानं किंवा सरळ हातानं करा. किलोभर वांग्यांना आठ-दहा तिखट हिरव्या मिरच्या त्याच जाळावर भाजून घ्या, पंधराएक लसूण पाकळ्या आणि मीठ घालून आधी तो ठेचा करा, मग त्यात वांगं ठेचा. फोडणीला अर्धी वाटी तेल लागेल, हात आखडता घेऊ नका. तेल तापलं की अर्धी वाटी शेंगदाणे तळा, ते लालसर झाले की सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, जिरं, मग कांद्याची पात. सगळी पात फोडणीत घालू नका; निम्मी वरून कच्ची घालायची. पात जरा मऊ झाली की ठेचलेलं वांगं घालून तीन-चार मिनिटं परता, तेल कडेला दिसू लागलं की उतरवा. कोथिंबीर भरपूर.

टोमॅटो, गरम मसाला, लाल तिखट यांतलं काहीही नको. टोमॅटो घातला की ते पंजाबी होतं, वाईट नसतं, पण ते आपलं भरीत नव्हे. हळदही मी घालत नाही, कारण हिरव्या वांग्याच्या भरताचा पांढुरका-हिरवट रंग बघायलाच छान असतो. फोडणी न देता कच्चं तेल, पात आणि ठेचा घालून केलेलं कच्चं भरीतही एकदा करून बघा. वांगं खरोखर चांगलं असेल तर मला तेच जास्त आवडतं. सोबत दादर ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, किंवा पार्टीतल्यासारख्या पुऱ्या. मुळा, कांदा, ताक.

काटेरी वांग्यांचं मग काय करायचं? लिंबाएवढी असतानाच तोडायला लागा. देठ ठेवून चार चिरा द्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर चिरलेला भाग हवेनं काळा पडतो. सुकं खोबरं, शेंगदाण्याचा कूट, लसूण आणि आपला काळा मसाला भरून तेलावर झाकण ठेवून शिजवा, झाकणावर पाणी ठेवा, आत नको. आणि वरण-बट्टीचा बेत असेल त्या दिवशी कोवळी हिरवी वांगी शिजवून घोटलेली भाजी करा. बट्टी कुस्करून वर तूप-वरण घेतलं की शेजारी दुसरी कुठली भाजी शोभत नाही. एकदम जास्त निघाली तर फोडी करून मीठ लावून उन्हात कडकडीत वाळवून ठेवा. वैशाखात भाजी मिळेनाशी होते तेव्हा भिजवून डाळीत घालता येतात.

फेब्रुवारी संपता संपता भरताची झाडं थकतात, ती काढून टाका. काटेरीची दोन निरोगी झाडं ठेवायला हरकत नाही. जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, शेणखत घाला, आच्छादन जाड करा आणि उन्हाळाभर वर हिरवी शेडनेट ताणा. पाऊस पडला की फुटवा येऊन खोडव्याची वांगी मिळतील.

बी मात्र भरताच्या झाडाचं धरा. ‘संकरित’ लिहिलेल्या पाकिटाचं धरू नका, पुढच्या पिढीत ते फुटतं आणि काय येईल त्याचा नेम नसतो. शेजारीच काटेरी झाडं आहेत, तेव्हा भुंग्यानं पराग इकडचे तिकडे करू नयेत म्हणून सगळ्यांत चांगल्या झाडाच्या दोन-तीन कळ्यांवर उमलण्याआधीच मलमलची छोटी पिशवी बांधा. आत फूल उमललं की पिशवीवरूनच टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. ते पार पिवळं पडू द्या. तोडल्यावर आठवडाभर ठेवून मऊ झालं की पाण्यात कुस्करा. तरंगणारं बी फेका, बुडालेलं घ्या. सावलीत पसरून वाळवा, सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून वर साल लिहा आणि हवाबंद डब्यात ठेवा. तीन वर्षं ते सहज उगवेल.